तुम्ही विचारलंत म्हणून: रात्रभर जागा, दुपारपर्यंत झोपेत

"गोळ्या वेळेवर देतो, तरी रात्रभर जागा असतो आणि बारा-एकपर्यंत उठत नाही. हा आजार की आळस?" स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, संशय येणं असा मानसिक आजार) असलेल्या मुलामुलींचे आईवडील हे सारखं विचारतात. आळस नाही. पण 'आजारच तसा' म्हणून सोडूनही देऊ नका. झोप कशाने बिघडली, यावर उपाय ठरतो.

आधी पाय बघा. नवं औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसा-आठवड्यांत येरझाऱ्या सुरू झाल्या, बसल्या जागी पाय हलत राहिले, पडून राहवेनासं झालं, तर ती अकॅथिजिया असू शकते: औषधाने आलेली बेचैनी. इथे फार घोळ होतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला, डॉक्टरांना तसंच सांगितलं जातं, डोस वाढतो आणि त्रासही वाढतो. म्हणून नुसतं 'झोपत नाही' सांगू नका. 'एका जागी बसवत नाही' हे सांगा. डोस कमी करून, औषध बदलून किंवा प्रोप्रॅनोलॉल देऊन बऱ्याच जणांना आराम पडतो.

ओलान्झापिन, क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधांनी वजन वाढतं. त्यासोबत जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं दिसलं तर स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करून घ्या. अशा माणसाला झोपेची गोळी मनाने देणं धोक्याचं आहे.

विडी-सिगारेटचं सहसा कुणी विचारतच नाही. तिच्या धुरामुळे ओलान्झापिन आणि क्लोझापिन शरीरात लवकर संपतात. विडी एकदम सोडली की रक्तातलं औषध वाढतं. गुंगी, लाळ, क्लोझापिन असेल तर फिटसुद्धा येऊ शकते. सोडावीच, पण डॉक्टरांना आधी सांगून. मशेरी, तंबाखूला धूर नसल्याने हा परिणाम होत नाही.

आता दिवसरात्र उलटी झाली असेल तर. झोपायची वेळ धरू नका, उठायची धरा. बाराला उठत असेल तर साडेअकरा, तीन-चार दिवसांनी अकरा. उठल्यावर अर्धा तास गॅलरीत किंवा अंगणात, उजेडात. दुपारी तीननंतर चहा नको. रात्रीची गोळी अकराला घेऊन सकाळी गुंगी राहत असेल, तर ती आठला घेता येईल का, डॉक्टरांना विचारा. शांततेत आजारातले आवाज जास्त ऐकू येतात म्हणून काही जण झोपायला घाबरतात. त्यांना रेडिओ हळू लावू द्या.

एवढा खटाटोप का? सकाळ गेली की डे-केअर सेंटर, काम, घरच्यांसोबतचं जेवण, सगळंच हातचं जातं. आवाज थांबले तरी माणूस एकटाच राहतो.

दोन आठवडे वहीत लिहा: कधी पडला, कधी उठला, गोळी किती वाजता, चहा-विडी किती. ती वही तपासणीला न्या. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. आणि नीट झोपणाऱ्याची झोप दोन-तीन रात्री अचानक उडाली, सोबत संशय किंवा पुटपुटणं वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ते भेटले नाहीत तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.