फक्कीचा एच

मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता आहे, मराठवाड्यात. रस्ते, पूल, शाळाखोल्या हे रोजचं, पण मंत्र्यांचा दौरा लागला की तात्पुरतं हेलिपॅडही आमच्याच गळ्यात. हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. मागच्या दौऱ्याची फाइल काढायची, एस्टिमेट उचलायचं, तारीख बदलायची आणि मुरमाच्या गाड्या सांगायच्या, झालं हेलिपॅड.

ही गोष्ट २०१८च्या मे महिन्यातली. त्याच्या वर्षभर आधी, २५ मे २०१७ला, लातूर जिल्ह्यातच निलंग्याला मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडाल्या उडाल्या खाली आलं होतं आणि विजेच्या तारांत अडकून पडलं होतं. आतले सगळे वाचले. पण तेव्हापासून हेलिपॅड म्हटलं की आमच्या वरच्या लोकांचा बीपी वाढायचा. आदल्या रात्री साहेबांचे तीन फोन आले, बॅरिकेडिंग झालं का, अग्निशमनची गाडी सांगितली का, अँब्युलन्स, कार्पेट, कार्पेट स्वच्छ आहे ना. तारांचं काय ते मीच सांगितलं, म्हटलं सर, मैदानाच्या कडेच्या लाइनचं शटडाऊन घेतलंय, पत्र आहे माझ्याकडे. ते खूश, मी पण खूश.

सकाळी सहाला टँकरने पाणी मारलं, रोलर फिरवला, आमच्या मुकादम काकांनी दोरी धरून गोल काढला आणि आत फक्कीने हेलिपॅडच्या खुणेचा एवढा सुबक एच काढला की मी फोटो काढून व्हॉट्सअॅपला टाकला.

दौरा नवाचा होता, हेलिकॉप्टर आलं सव्वाअकराला. मे महिन्यात सहाला मारलेलं पाणी सव्वाअकरापर्यंत काय राहतंय, नऊलाच मुरूम पांढरा पडला होता पण तोवर टँकर दुसऱ्या गावाला गेलेला. हेलिकॉप्टर शाळेवरून वळून खाली यायला लागलं आणि पंधरा-वीस मीटरवर असताना खालून धुळीचा असा लोट उठला की हेलिकॉप्टरच दिसेना. नुसता आवाज. आमचा एच तर पहिल्या झटक्यातच उडाला, कोरडी फक्की ती, मांडवाकडे पांढरा ढग गेला आणि स्वागताला उभे असलेले सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायला लागले. मला वाटलं आता गेलं. मग इंजिनाचा आवाज एकदम वाढला आणि धुळीतून ते वर निघालं, लांब गेलं, मोठा फेरा मारला आणि दुसऱ्यांदा आलं ते पॅडवर आलंच नाही, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जिथं वाळलेलं का होईना गवत होतं तिथं बसलं. कार्पेट एकीकडे आणि मंत्री ढेकळं तुडवत दुसरीकडून. साहेबांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरले नाहीये.

मंत्री सभेला गेले. पायलट दोघं होते, त्यातले कॅप्टन पन्नाशीच्या पुढचे, हवाई दलातून रिटायर झालेले. मला वाटलं आता हे पण झाडणार, तर ते पाण्याची बाटली घेऊन आले आणि म्हणाले चला मॅडम, मैदान दाखवा. हिंदीत बोलत होते. म्हणाले, धूळ उठली की पायलटला जमीन दिसत नाही, आपण सरळ उतरतोय का बाजूला सरकतोय हे कळत नाही, चाक कशाला अडकलं की हेलिकॉप्टर उलटंच. अशा वेळी खाली जाण्याचा हट्ट धरायचा नसतो. पाणी उतरायच्या अर्धा तास आधी मारायचं आणि नुसतं वर शिंपडायचं नाही, मुरूम आतपर्यंत ओला पाहिजे. एच कालवलेल्या चुन्याचा, कोरडा नाही. मुकादम काका मागे उभे होते, ते मला हळूच म्हणाले, "मॅडम, भिताडाला लावतो तसा चुना हो?" तसाच.

मग मी मोठ्या अभिमानाने शटडाऊनचं पत्र दाखवलं. त्यांनी वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "मॅडम, हम करंट से नहीं, तार से मरते हैं।"

मला खरंच लाज वाटली. इंजिनियर आहे मी, आणि हे डोक्यात आलं नव्हतं. तार बंद असली तरी तार जागेवरच असते ना. त्यांनी सांगितलं की वरून तार दिसतच नाही, मातीच्या रंगात मिसळून जाते, म्हणून आम्ही तार शोधत नाही, खांब शोधतो, दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरून चालायचं. मग आम्ही दोघं उन्हात मैदानाला पूर्ण चक्कर मारली आणि खांब मोजले. शाळेमागे पिंपळाच्या आड एक खांब होता जो माझ्या नकाशात नव्हता. त्या पिंपळाच्या पारावर मी आदल्या दिवशी बसून चहा प्यायले होते.

सभा लांबली. साडेतीन वाजले, ऊन बेचाळीसच्या आसपास. कॅप्टननी पीएंना विचारलं, परत किती जण आणि प्रत्येकाचं वजन किती. पीए म्हणाले चौघे, सगळे सत्तर-सत्तर. कॅप्टननी तक्ते काढून हिशेब केला आणि मला समजावून सांगितला. हवा तापली की विरळ होते, पंख्याला पकडायला हवाच कमी मिळते आणि इंजिनाचीही ताकद कमी होते. आपला जिल्हा समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर, पण या उन्हात हेलिकॉप्टरच्या दृष्टीने आपण साडेपाच हजार फुटांच्याही वर उभे आहोत, असं म्हणाले. मी नंतर घरी जाऊन बघितलं तर कळसूबाई चौपन्नशे फूट. म्हणजे माझ्या त्या सपाट मैदानातून हेलिकॉप्टर कळसूबाईच्या टोकावरून उडावं तसं उडणार होतं.

सगळे बसले, पंखे फिरले. यावेळी पाणी भरपूर मारलेलं, धूळ नावालाच. हेलिकॉप्टर चार-पाच फूट वर उचललं आणि तिथंच थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते काही पुढे जाईना. पाच-सात सेकंद तसंच, आणि मग अलगद खाली बसलं. टाळ्या बंद. साहेब माझ्या कानाशी येऊन ओरडले, काय झालं, बिघाड आहे का? मला काय माहीत!

दुसरा पायलट खाली उतरला, वाकून सामानाच्या कप्प्याकडे गेला, दार उघडलं, आत केशर आंब्याच्या चार पेट्या. कार्यकर्त्यांनी प्रेमाने ठेवलेल्या, कुणाला न सांगता. शिवाय एक भलामोठा पितळी पुतळा, सत्काराचा. ते सगळं काढलं, लोकांकडून लांब नेऊन ठेवलं. मग त्याने आतल्या एका स्थानिक नेत्याला खाली यायची खूण केली. हे सत्तर किलोवाले, म्हणजे पीएंच्या सत्तरपैकी एक, शंभराच्या खाली असतील तर मी नोकरी सोडते. ते उतरेनात. हातवारे, बोट दाखवणं, सगळं झालं. शेवटी मंत्र्यांनीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं तेव्हा उतरले, आणि रागाच्या भरात सरळ शेपटीकडे चालायला लागले.

शेपटीचा पंखा फिरताना दिसत नाही. खरंच दिसत नाही, नुसती थरथरती हवा. मी किंचाळले पण त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार. त्या पायलटने पळत जाऊन दंडाला धरून त्यांना पुढच्या बाजूला ओढलं. धक्का दिला म्हणून त्यांनी नंतर तक्रार करायचंही बोलून दाखवलं. पुढे २०२३च्या एप्रिलमध्ये केदारनाथला एक सरकारी अधिकारी असाच शेपटीच्या पंख्याने गेला, ती बातमी वाचताना मला हा दंड धरलेला हात दिसत होता.

दुसऱ्यांदा उचललं, पुन्हा थांबलं, आता थोडा वेळच, आणि मग वाऱ्याकडे तोंड करून मोकळ्या बाजूने, पिंपळ आणि खांब पाठीमागे ठेवून निघून गेलं. ती वर थांबायची भानगड मला नंतर कॅप्टनकडून फोनवर कळली. जमिनीजवळ पंख्याची हवा खाली आपटते त्यामुळे हेलिकॉप्टरला गादी मिळते, कमी ताकदीत तरंगतं. गादी सुटली की जास्त ताकद लागते, आणि तेव्हा ती शिल्लक नसेल तर झाडाच्या शेंड्याएवढ्या उंचीवर कळून काय उपयोग. म्हणून गादीवर असतानाच इंजिनाच्या काट्यात किती ताकद उरलीय ते बघायचं. हिशेबापेक्षा कमी उरली होती, एवढंच. खाली बसले.

आंब्याच्या पेट्या मागून जीपने गेल्या म्हणतात. तीनच पोचल्या असाव्यात, कारण दुसऱ्या दिवशी आमच्या उपविभागात सगळ्यांच्या टेबलावर साली होत्या.

आता फाइलमध्ये मी माझी पानं घातलीत. खांबांचा नकाशा स्वतः चालून काढते, टँकर जागेवरून हलू देत नाही, आणि आडत दुकानातला वजनकाटा हेलिपॅडवर आणून ठेवते. लोक हसतात. पीए मंडळी तर चिडतातच, साहेबांना काट्यावर उभं करणार का म्हणून. साहेबांना नाही, पण पिशव्यांना करते आणि पिशव्या धरणाऱ्यांनाही.

२ ऑक्टोबर २०२४ला पुण्यात बावधनला सकाळच्या धुक्यात हेलिकॉप्टर पडून तिघं गेले, १५ जून २०२५ला केदारनाथहून निघालेलं पडलं, सात जण. तिकडची कारणं वेगळी, हवामानाची, तिथं टँकर आणि चुना काय करणार. पण बातमी वाचली की मला आधी ते अलगद खाली बसणंच आठवतं, एवढ्या गर्दीसमोर, टाळ्या चालू असताना.

दोन वर्षांपूर्वी त्याच मैदानाची पुन्हा मागणी आली. तोवर शाळेमागून आणखी एक लाइन गेली होती. मी पाहणी अहवालात "जागा अयोग्य" लिहिलं. संध्याकाळी फोन आला, मॅडम मागच्या वेळी तर तिथंच उतरलं होतं की, आणि मांडव तिथंच ठरलाय, बॅनर छापून झालेत. मी म्हटलं, खांब मोजायला या, मी उद्या सकाळी साताला पिंपळाखाली आहे. कुणी आलं नाही. हेलिपॅड चार किलोमीटरवर बाजार समितीच्या मोकळ्या जागेत झालं.