ओटीटी थिएटरला संपवेल का? आधी पडद्यावरचा उजेड तपासा

‘दोन महिन्यांत घरी येणारच आहे, मग थिएटरात कशाला जायचं?’ हा प्रश्न आता घरोघरी विचारला जातो. त्यावरची चर्चा बहुतेक वेळा तिकिटाच्या आणि पॉपकॉर्नच्या दरापाशी येऊन थांबते. दर चढे आहेतच. पण माझ्या मते थिएटर टिकणार की नाही, हे मोठ्या प्रमाणात प्रोजेक्शनच्या केबिनमध्ये ठरतं. नीट राखलेल्या थिएटरची बरोबरी घरचा टीव्ही अजून करू शकत नाही. जे राखलेलं नाही, त्याला मात्र मध्यम किमतीचा टीव्हीही मागे टाकतो. प्रेक्षक एकदा अशा थिएटरातून डोळे ताणून बाहेर पडला की पुढच्या वेळी तो घरी बसतो आणि दोष ओटीटीला जातो.

थिएटरात चित्रपट येतो तो डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज) या स्वरूपात, हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहामार्फत. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबलेली असते, रंगाची खोली १२ बिट असते आणि चित्राचा डेटा सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. आवाज अजिबात दाबलेला नसतो. घरी ४के स्ट्रीमिंगला साधारण १५ ते २५ मेगाबिट मिळतात, फुल एचडीला पाच-सहाच्या आसपास. हे आकडे थेट शेजारी ठेवणं मात्र ओटीटीवर अन्याय करणारं आहे, कारण तिथले कोडेक, म्हणजे चित्र दाबणारी सॉफ्टवेअर, मागच्या-पुढच्या फ्रेममधलं साम्य वापरून जागा वाचवतात आणि ते काम फार चांगलं करतात. दिवसाच्या उजेडात दोन माणसं बोलत बसली असतील तर फरक शोधूनही सापडत नाही. तो उघडा पडतो धुरात, पावसात, उधळलेल्या गुलालात आणि काळोख्या खोलीत. संध्याकाळच्या आकाशात रंगाचे पट्टे दिसू लागतात, अंधाऱ्या कोपऱ्यात बारीक चौकोन हलताना दिसतात. छायाचित्रकारानं जिथे सगळ्यात जास्त मेहनत घेतलेली असते, नेमकं तिथलंच काम झिजतं.

थिएटराचं हे सगळं वैभव मात्र पडद्यावर पुरेसा उजेड पडला तरच. मानक आहे १४ फूट-लँबर्ट, म्हणजे सुमारे ४८ निट (दोन्ही पडद्याचा उजळपणा मोजायची एककं). आजचा बरा एचडीआर टीव्ही ५०० निटच्या पुढे जातो. तरीही पूर्ण अंधारात ४८ निट पुरतात, कारण डोळे त्या अंधाराला सरावलेले असतात. अडचण अशी की हे ४८ अनेक ठिकाणी पोहोचतच नाहीत. झेनॉन दिव्याचं आयुष्य वॉटेजप्रमाणे ५०० ते दोन-अडीच हजार तास. दिवसाला पाच खेळ, म्हणजे पंधराएक तास धरले तर हजार तासांचा दिवा सव्वादोन महिन्यांत संपतो. दिवा महाग असतो, म्हणून तो मुदतीनंतरही चालवला जातो. जळत असतो, पण उजेड घसरलेला असतो. त्यातून केबिनच्या काचेवर धूळ आणि तेलकट थर बसला किंवा दिवा बसवताना मध्यबिंदू जुळवला नाही, की मधला भाग उजळ आणि कोपरे मळकट दिसतात. काही ठिकाणी थ्रीडीसाठी प्रोजेक्टरसमोर लावलेला पोलरायझर (ठरावीक दिशेचाच प्रकाश जाऊ देणारी काच) टूडी खेळाच्या वेळीही काढत नाहीत. तो एकटाच निम्म्याहून जास्त उजेड खातो. थ्रीडीसाठी चंदेरी पडदा बसवलेला असेल तर कडेच्या खुर्च्यांवरून चित्र आणखी फिकं पडतं.

हे ओळखायला उपकरण लागत नाही. सुरुवातीची पांढरी अक्षरं पाहा: पांढरी दिसतात की करडी, की पिवळट? पडदाभर उजळ दृश्य आलं की मध्य आणि कोपरा यांची तुलना करा. रात्रीच्या दृश्यात माणसाचे डोळे दिसतायत का ते बघा. लेझर प्रोजेक्टरचं आयुष्य वीस हजार तासांच्या पुढे सांगतात. त्याचाही उजेड हळूहळू कमी होतो, पण दिवा बदलायची चालढकल तिथे नसते. म्हणून एकाच मल्टिप्लेक्समध्ये निवड असेल तर आधी विचारा की लेझर कोणत्या ऑडीत (ऑडिटोरियममध्ये) आहे. आरामखुर्चीपेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा.

अनेक एकपडदा थिएटरांत डीसीआय मानकाचा, म्हणजे डीसीपी चालवू शकणारा प्रोजेक्टरच नसतो. तिथे उपग्रहावरून उतरवलेली, जास्त दाबलेली फाइल चालते. त्या व्यवस्थेनं गावोगावी पहिल्याच शुक्रवारी नवा चित्रपट पोहोचवला, हे तिचं मोठं काम आहे. पण चित्राच्या बाबतीत घरचा ४के टीव्ही अशा ठिकाणी पुढे असू शकतो. उरतात पडद्याचा आकार, अंधार आणि भोवतीची माणसं, आणि तेही थोडं नाही.

आता आवाज. चित्रपटाचं मिक्सिंग होतं तेव्हा डॉल्बी प्रोसेसरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, ७ वर असतो. प्रत्येक मुख्य स्पीकर त्या पातळीला ८५ डेसिबलला लावलेला असतो. थिएटरात मात्र तो बऱ्याचदा साडेपाचवर किंवा त्याखाली दिसतो. कारण साधं आहे: जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, कोणीतरी तक्रार करतं, ऑपरेटर आवाज खाली आणतो आणि चित्रपट सुरू झाल्यावर परत वर नेत नाही. फेडरवर ४ च्या वर प्रत्येक आकड्याला ३.३३ डेसिबल, म्हणजे ७ वरून साडेपाचला आलात की ५ डेसिबल गेले. मोठे आवाज तरीही मोठेच वाटतात, पण पुटपुटलेला संवाद एसीच्या घरघरीत बुडतो. संवाद येतो पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून, पडद्याच्या बारीक छिद्रांतून. त्या छिद्रांत वर्षानुवर्षं धूळ साचली की ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार जाते आणि प्रेक्षक म्हणतो, ‘हल्लीचे नट स्पष्ट बोलत नाहीत.’ नटावर हा आरोप करण्याआधी थिएटर बदलून पाहावं.

खुर्ची निवडताना पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावरची, मधली घ्या. आवाजाची जुळणी तिथला कान धरून केलेली असते. सगळ्यात मागच्या भिंतीला टेकलेल्या महागड्या रांगेत खर्ज फुगतो आणि मागचे स्पीकर डोक्यावरच येतात.

उजेड किंवा आवाज कमी वाटला तर मध्यंतराची वाट पाहू नका. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर जाऊन ड्यूटी मॅनेजरला नेमकं सांगा: ‘ऑडी ३, संवाद ऐकू येत नाहीत, फेडर किती आहे?’ नुसतं ‘आवाज बरोबर नाही’ म्हटलं की मान हलते आणि काही होत नाही. फेडर हा शब्द ऐकला की केबिनमध्ये फोन जातो.

घरी काय करता येतं? पुष्कळ. आधी अंतर. ५५ इंची टीव्हीची रुंदी १२२ सेंटिमीटर. दिवाणखान्यात सोफा साधारण दहा फुटांवर असतो, तिथून तो नजरेचे बावीस-तेवीस अंशच व्यापतो. चांगल्या थिएटरात मधल्या रांगेतून ४० च्या आसपास मिळतात. घरी निदान ३० हवे असतील तर ५५ इंचीपासून साडेसात फुटांवर बसा. सोफा दहा फुटांवरच राहणार असेल तर ७५ इंची टीव्ही लागेल. खुर्ची पुढे ओढणं फुकटात होतं, पण हे सहसा कोणी करत नाही.

मग टीव्हीचा मोड. दुकानातून येताना तो ‘व्हिव्हिड’ किंवा ‘स्टँडर्ड’वर असतो. फिल्ममेकर मोड असेल तर तो, नाहीतर ‘सिनेमा’ लावा. त्यानंतर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सॅमसंगमध्ये तिचं नाव पिक्चर क्लॅरिटी, एलजीमध्ये ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. ती चालू असली की २४ फ्रेमच्या चित्रपटाला मालिकेचं रूप येतं. वीज वाचवणारी इको सोयही अंधारात चित्र काळवंडून टाकते, चित्रपटापुरती तीही बंद करा.

४केचे पैसे भरूनही ४के न मिळणं नेहमीचं आहे. स्वस्त प्लॅनला बहुधा ४८०पी किंवा ७२०पीचीच मर्यादा असते. लॅपटॉपच्या ब्राउझरमधून एचडीएमआयनं टीव्हीला जोडलं तर कॉपी-संरक्षणाच्या अटींमुळे दर्जा खाली येतो, म्हणून टीव्हीतलं ॲप किंवा स्टिक वापरा. राउटर आणि टीव्ही यांच्यात दोन भिंती असतील तर २.४ गिगाहर्ट्झवर रात्री नऊनंतर, शेजारीपाजारी सगळे नेटवर असताना, चित्र मऊ पडतं. लॅनची केबल ओढा. टीव्हीचं लॅन पोर्ट १०० मेगाबिटचं असलं तरी पुरून उरतं.

साउंडबार घेताना मधला स्पीकर असलेला, म्हणजे निदान ३.१ (डावा, उजवा, मधला आणि खर्जासाठी सबवूफर) घ्या. संवाद तोच सांभाळतो. साउंडबारची एचडीएमआय केबल टीव्हीवरच्या एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या पोर्टलाच लावा, आणि सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ ‘पीसीएम’वरून ‘पासथ्रू’ किंवा ‘ऑटो’वर न्या. पीसीएमवर राहिलं तर पाच चॅनेलचे पैसे देऊन अनेकदा दोनच ऐकू येतात. ऑप्टिकल केबलनं ॲटमॉस (वरूनही आवाज येतो ते डॉल्बीचं स्वरूप) जात नाही.

प्रोजेक्टरचं गणित तर अगदी हातानं करता येतं. १०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस फूट. त्यावर १४ फूट-लँबर्ट पाडायला साध्या पांढऱ्या पडद्यासाठी सव्वाचारशे खरे लुमेन (प्रोजेक्टरमधून निघणाऱ्या उजेडाचं माप) लागतात. पेटीवर हजारोंचे आकडे छापलेल्या स्वस्त एलईडी प्रोजेक्टरमध्ये एन्सी लुमेन (प्रमाणित पद्धतीनं मोजलेले) किती, एवढंच विचारा. पण आपली खरी अडचण लुमेनची नाहीच. पांढरी भिंत, पांढरं छत, खिडकीतून येणारा रस्त्यावरचा दिवा: पडद्यावरचाच उजेड खोलीभर फिरून पडद्यावर परतला की काळा रंग राखाडी होतो. खिडकीला जाड गडद पडदे आणि प्रोजेक्शनच्या पडद्याजवळच्या भिंतींना व छताला गडद रंग यांवर खर्च केलेले पैसे आधी वसूल होतात.

एवढं केलं की बऱ्याच चित्रपटांसाठी घर पुरतं. पण थिएटरशिवाय भागत नाही, हे पैशाच्या बाजूनं पाहिलं की कळतं. भारतात थिएटर आणि ओटीटी यांमधलं अंतर कायद्यानं ठरलेलं नाही. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदी चित्रपटांसाठी आठ आठवड्यांचा आग्रह धरतात, दक्षिणेकडच्या अनेक चित्रपटांत ते चारच्या आसपास असतं. अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सनं २०२१ चे चित्रपट थिएटरात आणि एचबीओ मॅक्सवर एकाच दिवशी आणले आणि २०२२ पासून ४५ दिवसांच्या अंतरावर परतले. आपल्याकडेही टाळेबंदीत चित्रपट थेट विकत घेणारे ओटीटी आता अनेक करारांत किंमत थिएटरातल्या गल्ल्याशी बांधतात. म्हणजे थिएटर रिकामं गेलं तर ओटीटीचा भावही पडतो. ज्याला आपण प्रतिस्पर्धी समजतो, तो थिएटरच्या निकालावर आपला दर ठरवतो आहे.

मराठी चित्रपटाला याची सर्वांत मोठी झळ बसते. २००९ च्या संपानंतर हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात ठरलेली वाटणी अशी: वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. वाटणीची धाटणी आजही साधारण हीच आहे. कर वगळून २०० रुपयांच्या तिकिटातले पहिल्या आठवड्यात १०० रुपये आणि चौथ्यात ६० वितरकाकडे जातात. पुढच्या आठवड्यांत थिएटरचा वाटा वाढतो, तेव्हा हळूहळू चढणारा चित्रपट थिएटरच्याही फायद्याचा असतो. पण चढायला वेळ कोण देतो? पुढच्या आठवड्याचे खेळ सोमवार-मंगळवारी, पहिल्या तीन दिवसांच्या भरणीवर ठरतात. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारनं मराठीला प्राइम टाइम देण्याचा निर्णय घेतला, आणि विरोधानंतर त्याची व्याख्या दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल झाली. मंगळवारी दुपारी साडेबाराला नोकरदार कुठून येणार? तो खेळ रिकामा जातो आणि तोच आकडा मराठीला प्रेक्षक नसल्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. जून २०२३ मध्ये आलेल्या ‘बाईपण भारी देवा’ला बायका गटागटानं, ठरवून, साड्या नेसून गेल्या. तिथे प्रेक्षक नाही असं म्हणायची सोय उरली नाही.

न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला ओटीटी हाच बहुधा एकमेव रस्ता आहे, तिथल्या मराठी मंडळानं एखादा खेळ ठरवला तरच पडदा. पुण्या-मुंबई-नाशिक-कोल्हापूरकडे मात्र निवड आहे. मराठी चित्रपट थिएटरात पाहायचाच असेल तर पहिल्या शुक्रवार ते रविवारातच पाहा. बुकिंग बुधवार-गुरुवारी उघडलं की लगेच करा, कारण शनिवारी सकाळी किती जागा भरलेल्या दिसतात त्यावर रविवारचे जादा खेळ निघतात. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्केच आहे, शंभरहून महाग तिकिटावर १८ टक्के, तेव्हा सकाळचा स्वस्त खेळ आणि जवळचं एकपडदा थिएटर आधी बघा. आणि तिथे गेल्यावर चित्र मळकट दिसलं, तर तेही तिथल्या तिथे, दहा मिनिटांच्या आत सांगा.