दिवाळीनंतरचा रस्ता

सोमवार, रात्री

दिवाळीची सुट्टी संपली, आज शाळा भरली. जूनमध्ये पोरगी पाचवीला चोपड्याला जायला लागली, तेव्हा फाट्यावर उतरून रस्ता कसा ओलांडायचा ते सोबत जाऊन शिकवलं होतं. पण आमचा अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता पावसाळ्यात वेगळा आणि आता वेगळा. केळीचे ट्रक बारमाही, त्यात आता उसाच्या ट्रॉल्या आणि कापसाने फुगलेल्या गाड्या. वर अंधार. जूनमध्ये साडेसहाला लख्ख उजेड असतो. आता सहाच्या आतच दिवस बुडतो, आणि तिची एसटी फाट्यावर येते तीच सहाला. म्हणून सगळं परत पहिल्यापासून शिकवायचं ठरवलं.

आज मी फाट्यावर नुसता मागे उभा राहिलो. हात धरला नाही.

"आता काय करशील?"

"आधी एसटी जाऊ द्यायची, पप्पा."

हे तिच्या अंगवळणी पडलंय, याचा मला फार आनंद झाला. उभ्या एसटीच्या पुढून पळणाऱ्या पोराला पलीकडून ओव्हरटेक करणारा दिसत नाही, आणि त्यालाही पोर दिसत नाही.

वेगाचं मात्र अवघड आहे. या वयाच्या मुलांना गाडी किती जोरात येतेय याचा अंदाज नीट येत नाही, अंधारात तर दोन दिवेच दिसतात. ताशी ६० किलोमीटरने येणारा ट्रक एका सेकंदात १६ मीटरच्या वर पुढे येतो आणि पोरीला रस्ता ओलांडायला सहा-सात सेकंद लागतात. म्हणून दोन्ही बाजूंना दोनशे पावलं मोजून खूण धरली. इकडे निंब, तिकडे मोरीचा कठडा. दिवे त्याच्या अलीकडे आले की पाय उचलायचा नाही. ट्रॉली हळू येतेय म्हणूनही निघायचं नाही, तिच्या आडून मोटारसायकल निघते.

ट्रॉलीला लटकून ऊस ओढणारी पोरं पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो. मागून येणाऱ्याला ती दिसत नाहीत, आणि हात सुटला तर मागच्या गाडीचं चाकच. "ऊस घरी हवा तेवढा आणू," एवढंच तिला सांगितलं.

दुसरं, "चल, घरी सोडतो" म्हणणारा. अनोळखी माणसापासून लांब राहा एवढं सांगून भागत नाही, विचारणारा पुष्कळदा ओळखीचाच असतो. आम्ही घरात एक खुणेचा शब्द ठरवलाय. "तुझ्या पप्पांनी पाठवलं" म्हणणाऱ्याला तो सांगता आला नाही, तर मग सख्खा काका असो, गाडीवर बसायचं नाही. एसटीच्या गर्दीत कुणी अंगाला हात लावला तर मोठ्याने ओरडायचं आणि कंडक्टरला सांगायचं, लाजायचं नाही. मुलांच्या मदतीचा १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२, हे दोन्ही नंबर तिला पाठ आहेत. तिच्या मोफत पासच्या पाकिटातही लिहून ठेवलेत.

घरी आई म्हणाली, "आंधार पडी जास भाऊ, पोरले लेवाले जात जाय." खरंय. आमच्या गल्लीतल्या पाच पोरी त्याच गाडीने येतात. त्यांच्या घरी बोललो, होळीपर्यंत आम्ही पालक पाळीपाळीने फाट्यावर थांबणार. शनिवारी चोपड्यातून पाचही दप्तरांसाठी रेडियमच्या पट्ट्या आणायच्या. थोड्या जास्तच आणतो. शेजारच्या बापूंच्या ट्रॉलीला मागे एकही पट्टी नाही.