सागवानी साइडबोर्ड: आधी सँडर बाजूला ठेवा

ब्रिटनमधल्या जुन्या फर्निचरच्या बाजारात ‘जी प्लॅन’ या ब्रँडचं नाव सगळ्यांच्या तोंडी. स्कॉटलंडमधल्या कर्कॉडीच्या ए. एच. मॅकिंटॉश या कंपनीचं नाव त्या मानाने कमी ऐकू येतं. टॉम रॉबर्टसननी तिच्यासाठी डिझाइन केलेले साठच्या दशकातले साइडबोर्ड, म्हणजे बुटकी लांबट कपाटं, मात्र कारागिरीत तसूभरही उणे नाहीत.

आपल्याकडे सागवानी म्हणजे भरीव. खराब झालं तर सुतार रंधा मारून देतो. या साइडबोर्डांना तसं करू नका. वरची फळी म्हणजे चिपबोर्डवर किंवा प्लायवर चिकटवलेलं जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटरचं विनियर, म्हणजे सागाचा पातळ पापुद्रा. सँडर (लाकूड घासायचं यंत्र) कडेला किंचित कलला तरी विनियर संपतं आणि खालचा फिकट बोर्ड दिसायला लागतो. त्यावर इलाज नाही. रंग लावून लपवायचं, एवढंच.

आधी फिनिश, म्हणजे लाकडावरचा पॉलिशचा थर, ओळखा. मागच्या बाजूला कापसाने स्पिरिट लावा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. नाही झालं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर लावा. त्याने विरघळलं तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. मग पेंट रिमूव्हर लावून, लॅकर फुगलं की प्लॅस्टिकच्या पट्टीने लाकडाच्या रेषांच्या दिशेने खरवडा. शेवटी हाताने, ठोकळ्यावर २४० नंबरचा पॉलिश पेपर, तोही दोन-चार हलके हात.

पेल्याचा पांढरा डाग फिनिशमध्येच असतो, फिनिशबरोबर जातो. काळा डाग लाकडात असतो: ओल, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांची ती करामत. म्हणूनच घासायला स्टील वूल (लोखंडी तारांचा बारीक काथ्या) वापरू नका, त्याचे कण अडकून नवे ठिपके उठतात. अर्धा लिटर कोमट पाण्यात ४०-५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवा आणि नुसत्या डागावर नव्हे, पूर्ण फळीवर लावा. नाहीतर डागाच्या जागी फिकट चट्टा राहतो. विनियर भिजत ठेवू नका. हातमोजे, चष्मा हवाच. वाळल्यावर दोन-तीनदा ओल्या फडक्याने पुसून घ्या. उरलेल्या ॲसिडच्या पांढऱ्या भुकटीवर पेपर मारला तर ती थेट नाकात जाते.

विनियर फुगलं असेल तर रेषेच्या दिशेने ब्लेडने चीर द्या, सिरिंजने पांढरा गोंद सोडा, वर बटर पेपर आणि सपाट फळी ठेवून रात्रभर क्लॅम्प करा. तुटक्या भरीव मुठीचं वेगळं: साग तेलकट असतो, त्यामुळे चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा आणि उडून गेल्या गेल्या गोंद लावा.

वरून डॅनिश ऑइलचे (लाकडाला लावायचं, वाळून घट्ट होणारं तेल) पातळ हात. १०-१५ मिनिटांनी जास्तीचं पुसायचं, दुसरा हात दुसऱ्या दिवशी. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा, मगच कचऱ्यात टाका.