वाचता येणारं परिपत्रक

शुक्रवार, रात्री

आज साहेबांनी टिपणीवर सही केली. यापुढे आमच्या कार्यालयातून निघणारं प्रत्येक परिपत्रक युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला अक्षर अक्षर म्हणूनच ओळखता येईल अशा पद्धतीने, टाइप केलेल्या मूळ फाइलसह ईमेलने जाईल. सही-शिक्क्याची स्कॅन केलेली प्रत सोबत जोडायची, पण नुसती तेवढीच पाठवायची नाही. आस्थापना शाखेत इतकी वर्षं काढली, बढत्या-बदल्यांचे कितीतरी आदेश हाताखालून गेले, पण एखाद्या आदेशाचा इतका आनंद क्वचितच झाला असेल.

हे ज्यांच्या चिकाटीमुळे झालं ते आमचे सहकारी पूर्ण अंध आहेत. स्पर्धा परीक्षा देऊन लिपिक म्हणून लागले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीतलं आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर नेलं. त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. जागा भरली, बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षित जागांच्या नोंदवहीत, नोंद झाली, आणि पुढे त्यांना काम काय द्यायचं हे कुणाला सुचेना. मग टेलिफोनजवळ बसवलं. अंध माणूस दिसला की टेलिफोनची खुर्ची, हे सरकारी कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आता तर तो फोनही फारसा वाजत नाही. वाईट कुणीच वागत नव्हतं. चहा टेबलावर यायचा, जिन्याशी चार हात पुढे व्हायचे, "तुम्ही कशाला त्रास घेता, बसा निवांत" असं मनापासून म्हटलं जायचं. पण कामावर आलेल्या माणसाला दिवसभर निवांत बसवणं हा अपमानच आहे, मग तो कितीही मायेने केलेला असो.

"मॅडम, मला फोन नको. फाइल द्या," असं ते स्वतः येऊन म्हणाले. रजेची प्रकरणं त्यांच्याकडे दिली. संगणकावर त्यांनी एनव्हीडीए टाकून घेतलं. पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारी ही प्रणाली 2006 मध्ये मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केली. ती फुकट मिळते. त्यामुळे 'निधी नाही' हे आमच्याकडचं ठरलेलं उत्तर इथे कुणाला देता आलं नाही.

खरी अडचण पुढे आली. आमची परिपत्रकं म्हणजे छापून, सही करून, स्कॅन केलेले कागद. संगणकाच्या लेखी ते निव्वळ चित्र. त्यात अक्षर एकही नाही, त्यामुळे एनव्हीडीएला ते पान कोरंच. स्कॅन न केलेल्या जुन्या फाइली आणखी अवघड, कारण त्या कृतिदेव नाहीतर श्रीलिपीत टाइप केलेल्या. या जुन्या फॉण्टांत देवनागरी फक्त डोळ्यांना दिसते. कृतिदेवमध्ये 'काम' असं दिसतं तिथे संगणकाने साठवलेली अक्षरं असतात डी, के आणि ई. फॉण्ट त्यांना क, काना आणि म यांचा आकार देतो, एवढंच. ऐकणाऱ्याच्या कानावर पानभर इंग्रजी अक्षरांचा खच पडतो. मी एकदा त्यांचे हेडफोन लावून आमचाच एक जुना आदेश ऐकला. एका ओळीचाही अर्थ लागला नाही. युनिकोडमध्ये मात्र क हा कच असतो, आणि तोच आदेश पुन्हा टाइप केल्यावर त्यांनी माझ्यापेक्षा जलद वाचून काढला. ते ज्या वेगाने ऐकतात तो आवाज मला अजून समजत नाही!

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर आदेशाचा मोबाइलने काढलेला फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, 'सर्वांनी पाहून घ्यावे'. आता शाखेतल्या मुली फोटोखाली दोन ओळींत विषय आणि तारीख टाइप करतात. बैठकीत पडद्याकडे बोट दाखवून "इथे बघा, इथे घट आहे" म्हणणाऱ्यांना ते शांतपणे विचारतात, "किती, आकडा सांगा." पहिल्यांदा सगळे गप्प झाले होते. आता आकडा आपोआप बोलला जातो.

टिपणीवर चर्चा झाली तेव्हा एकाने विचारलं, "एका माणसासाठी सगळ्यांनी पद्धत बदलायची?" मला राग आला, पण उत्तर नीट दिलं. हा कायदा आहे. कर्मचाऱ्याला काम करता यावं म्हणून वाजवी सोय करून देणं सरकारी आस्थापनेवर बंधनकारक आहे. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना हेच बजावलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सोयी-सेवा वापरता याव्यात यासाठीचे, नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते सक्तीचे हवेत. ती याचिका 2005 मधली. त्यात एकोणीस वर्षं गेली. टाइप केलेल्या परिपत्रकात शब्द शोधता येतो, निवृत्तीला आलेल्या आमच्या अधीक्षकांना अक्षर मोठं करून वाचता येतं, हे सगळं खरं आहे. पण तेवढ्यासाठी हे करा असं म्हणायला माझं मन तयार होत नाही. एकट्या त्यांच्यासाठीसुद्धा हे करायलाच हवं होतं.

दुसऱ्या एकाने कौतुकाने प्रांजल पाटील यांचं नाव घेतलं. उल्हासनगरच्या या अंध मुलीला नागरी सेवा परीक्षेतल्या पहिल्या निवडीनंतर अंधत्वाचं कारण सांगून रेल्वेच्या लेखा सेवेत घेतलं नाही. तिने पुन्हा परीक्षा दिली, देशात 124 वी आली आणि आयएएस होऊन केरळमध्ये रुजू झाली. मलाही तिचा फार अभिमान वाटतो. पण तिचं उदाहरण दिलं की लोक जिद्दीवर बोलतात आणि दार कुणी बंद केलं होतं ते राहून जातं. आमच्या सहकाऱ्यांनी जिद्द का दाखवायची? त्यांना रजेचा हिशोब करायचा आहे, वेळेवर घरी जायचं आहे, वेतनवाढ हवी आहे, माझ्यासारखंच.

आता विभागीय परीक्षेचं बघायचं. ती झाल्याशिवाय बढती नाही. त्यांना लेखनिक, म्हणजे सांगतील ती उत्तरं लिहून देणारा माणूस, देऊ म्हणतायत, त्यांना मात्र स्वतः संगणकावर उत्तरं टाइप करायची आहेत. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत हा पर्याय आहे, तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळही आहे. अर्जाचा मसुदा त्यांनीच केलाय. सोमवारी मी त्यावर शाखेचा अभिप्राय लिहून वर पाठवते.