तुम्ही विचारलंत म्हणून: "ते गुन्हेगारांनाच पकडतात ना?"

सांगलीहून मामीचा फोन आला की खुशाली विचारून झाल्यावर गाडी अमेरिकेतल्या इमिग्रेशनच्या धरपकडीवरच येते. "अगं, पण ते गुन्हेगारांनाच पकडतात ना? मग बाकीच्यांनी का घाबरायचं?" न्यू जर्सीत गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतही मला हेच विचारतात. मी एका इमिग्रेशन वकिलांकडे मराठी-हिंदीची दुभाषी म्हणून काम करते, त्यामुळे मला माहीत असणार असं सगळे धरून चालतात. दर वेळी उभ्याउभ्या काहीतरी अर्धवट बोलते आणि रात्री ते टोचत राहतं. आज नीट लिहिते.

आमच्या ऑफिसात एक बाई आली होती. (ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत.) नवऱ्याच्या व्हिसाची मुदत कधीच संपलेली. पहाटे कामावर निघताना पार्किंगमध्येच त्याला आयसीईच्या, म्हणजे बेकायदा राहणाऱ्यांना पकडून हाकलणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याच्या, लोकांनी धरलं. तिच्या हातात डीमार्टची पिशवी होती, कोंबून भरलेली: मुलांचे जन्मदाखले, टॅक्सचे कागद, घरभाड्याच्या पावत्या. सरकारी वकिलांनी जामिनाला विरोध करताना जो कागद जोडला होता, त्यात बोटांच्या ठशांवरून निघालेली एक जुनी नोंद होती. दुकानातून वस्तू उचलल्याचा आरोप. तारीख, पोलीस ठाणं, कलम, सगळं भरलेलं. निकालाचा रकाना तेवढा कोरा.

निकाल लागला होता. ती केस कोर्टाने कित्येक वर्षांपूर्वीच काढून टाकली होती. पण अटकेची नोंद जेवढ्या तत्परतेने वर जाते, तेवढ्या तत्परतेने निकाल जात नाही. अशी अर्धी रेकॉर्डं मी इतकी पाहिली आहेत की आता कोणताही कागद हातात आला की आधी तो रकाना शोधते. आम्ही तिला गावच्या म्युनिसिपल कोर्टात पाठवलं, सही-शिक्क्याची नक्कल आणायला.

आपल्याकडे पेपर वाचणाऱ्या कुणालाही गुन्हा दाखल होणं आणि गुन्हा सिद्ध होणं यातला फरक सांगावा लागत नाही. इथल्या बातम्या ऐकताना तोच फरक आपण का विसरतो, मला कळत नाही. आयसीई स्वतःच आपल्या कोठडीतल्या माणसांचे तीन गट करते: शिक्षा झालेले, खटला चालू असलेले आणि फक्त इमिग्रेशनचा नियम मोडलेले. सिरॅक्यूज विद्यापीठात सुरू झालेला ट्रॅक हा गट ही सरकारी आकडेवारी मांडतो. २१ सप्टेंबर २०२५ला कोठडीत ५९,७६२ माणसं होती. त्यातल्या ४२,७५५ जणांना कुठल्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नव्हती. म्हणजे शंभरातले एकाहत्तर.

सरकार मात्र म्हणतं की पकडलेल्यांपैकी सत्तर टक्के गुन्हेगार आहेत. दोन्ही आकडे कानावर पडले की माणूस गोंधळतो. सरकारच्या आकड्यात आरोप असलेलेही धरलेले असतात आणि ते अटकांबद्दल बोलतं. ट्रॅकचा आकडा त्या दिवशी कोठडीत असलेल्यांचा. सरकारचं आणखी एक म्हणणं आहे, की काहींचे गुन्हे त्यांच्या मायदेशातले असतात, ते इथल्या नोंदीत दिसत नाहीत. हे काही जणांबाबत खरं असेल. खुनी, बलात्कारी माणसाला हाकलू नका असं मला म्हणायचंच नाही. पण शिकागोतल्या धरपकडीचं प्रकरण कोर्टात गेलं, न्यायाधीशांनी यादी मागितली, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये सरकारनेच दिलेल्या ६१४ नावांच्या यादीत लोकांच्या सुरक्षेला मोठा धोका म्हणून खूण केलेले निघाले सोळा.

मामीच्या डोक्यातलं चित्र टीव्हीवरून आलं आहे, हे मला ठाऊक आहे. ५ फेब्रुवारी २०२५ला अमृतसरला अमेरिकेचं लष्करी विमान उतरलं. १०४ भारतीय, त्यात महाराष्ट्रातले तिघे. हातापायांत बेड्या. बेड्या दिसल्या की आपण मनात निकाल लावून मोकळे होतो. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी राज्यसभेत सांगितलं की २०१२पासूनच्या पद्धतीनुसार विमानात असं बांधूनच नेतात. म्हणजे त्या बेड्यांवरून गुन्ह्याचं काहीच कळत नाही. व्हिसा संपल्यावर राहणं ही इथल्या कायद्यात फौजदारी गुन्ह्याची बाब नाहीच, ती दिवाणी आहे. चोरून सीमा ओलांडणं हा किरकोळ गुन्हा; हाकलल्यावर परत येणं हा गंभीर.

आता "आपले कागद नीट आहेत, आपल्याला काय" म्हणणाऱ्यांसाठी, आणि हे मी हात जोडून सांगते. १९९६च्या कायद्याने इमिग्रेशनपुरती 'शिक्षा' या शब्दाची व्याख्या खूप रुंद केली. तुम्ही गुन्हा कबूल केलात आणि न्यायाधीशांनी थोडीफार बंधनं घातली, की पुढे राज्याच्या कोर्टाने रेकॉर्ड पुसलं तरी इमिग्रेशनच्या लेखी ते बहुतेक वेळा शिल्लकच राहतं. चोरीत एक वर्षाची शिक्षा झाली आणि ती तहकूब झाली, माणूस एक दिवसही आत गेला नाही, तरी ग्रीन कार्ड जाऊ शकतं. "कबूल कर आणि घरी जा" हा सल्ला किती महागात पडतो, ते मी टेबलाच्या या बाजूने पाहिलं आहे. २०१०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पडिला खटल्यात सांगितलं की कबुलीमुळे हद्दपारी होऊ शकते हे बचावाच्या वकिलाने अशिलाला सांगायलाच हवं. तेव्हा विचारा. सही करण्याआधी विचारा. आणि इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही, हेही लक्षात ठेवा. जानेवारी २०२५च्या लेकन रायली कायद्याने तर पुढची पायरी गाठली: कागद नसलेल्या अनेकांना दुकानातल्या चोरीचा नुसता आरोप झाला तरी कोठडीत ठेवणं सक्तीचं.

ती बाई पुढच्या आठवड्यात नक्कल घेऊन आली. एक मागितली होती, तिने तीन आणल्या. कागदावर उमटलेल्या शिक्क्यावरून ती सारखा अंगठा फिरवत होती. म्हणाली, "ताई, गावाकडे सगळीकडे झालंय की ह्यांनी चोरी केली. सासूबाईंना फोनवर सांगायचंय. ह्या 'डिसमिस्ड'ला मराठीत काय म्हणू?"

'निर्दोष सुटले' माझ्या ओठांवर आलं होतं. पण कागदावर ते नव्हतं, आणि माझं काम कागदावर आहे तेवढंच सांगण्याचं. मी म्हटलं, "सांगा, कोर्टाने केस काढून टाकली."

तिने ते दोनदा पुटपुटून पाहिलं आणि तिथेच बसून फोन लावला.