बेलफास्ट आणि विनोद

"तिथे एवढी माणसं मेली आणि हा बाबा त्यावर विनोद करतो?" हातातल्या पुस्तकाचं मागचं पान वाचून मैत्रीण आज पटकन बोलून गेली. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

पुस्तक कॉलिन बेटमनचं, 'डिव्होर्सिंग जॅक'. उत्तर आयर्लंडच्या बँगॉर गावचा हा माणूस, जन्म 1962 चा, म्हणजे बॉम्ब, गोळीबार, सैनिकांची गस्त हे सगळं बघतच मोठा झालेला, आणि सतराव्या वर्षापासून गावच्याच 'काउंटी डाउन स्पेक्टेटर' साप्ताहिकात बातमीदार. ब्रिटनसोबत राहायचं की आयर्लंडमध्ये सामील व्हायचं, ह्यावरून तिथे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक गटांत संघर्ष पेटला होता. तीसेक वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली त्यात. 1998 मध्ये शांतता करार झाला, ही कादंबरी त्याच्या तीन वर्षं आधीची.

तिचा नायक डॅन स्टार्की, उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्टचा पत्रकार. पितो, बायकोशी भांडतो, भलत्याच खुनात अडकतो, बंदूकवाले मागे लागले तरी तोंड बंद ठेवत नाही. मला तो आवडतो तो ह्याचसाठी, कारण तो कुणाच्याच बाजूचा झेंडा धरत नाही. आणि हसतो तो मेलेल्यांना नाही, बंदूक हातात आली की स्वतःला मोठे समजणाऱ्यांना! हा फरक मला फार मोठा वाटतो.

बातमीत आकडा छापायचा, नावं छापायची, बास. बाकीचं जे साचत जातं ते कुठे ठेवायचं बातमीदाराने? मला वाटतं बेटमनने ते इथे ठेवलं.

तुम्हाला काय वाटतं, असल्या जखमेवर हसायचा हक्क तिथल्या माणसाला नाही तर कुणाला?